ग्रामसभेत बोलताना सरपंचांचे पाय का लटपटतात?

पारावर बसून तासतासभर बोलणारा माणूस ग्रामसभेत उभा राहिला की त्याला शब्द सापडत नाही, हा अनुभव गावोगावचा आहे. पारावर तो तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांचा हिशेब मांडतो. सभेत मात्र त्याचा घसा कोरडा पडतो, हातातला कागद थरथरू लागतो आणि शेवटी "बाकीचं ग्रामसेवक सांगतील" असे म्हणून तो खाली बसतो. निवडून आलेल्या सरपंचांचे असे होते. आम्हा कृषी खात्याच्या मंडळींचेही होते, हे आधीच कबूल केलेले बरे.

सभेत धीटपणे बोलायचे म्हणजे आवाज चढवायचा, टेबलावर हात आपटायचा, दोन म्हणी फेकायच्या, अशी आपली समजूत झालेली असते. निवडणुकीच्या सभा ऐकून ती झाली असावी. पण गावकारभारात बोलणे वेगळे. तिथे समोर बसलेला माणूस उद्या सकाळी दूध घालायला डेअरीवर भेटणार असतो. त्याच्यासमोर भाषण चालत नाही, हिशेब चालतो. हे मला दोन प्रसंगांनी शिकवले. ते इथे सांगतो.

माझी पहिली सभा

डिप्लोमा करून नुकताच नोकरीला लागलो होतो. एका वाडीवर मारुतीच्या देवळात हरभऱ्यावरील घाटेअळीबद्दल शेतकऱ्यांची बैठक होती. चाळीसेक माणसे जमलेली. मी खात्याची घडीपत्रिका काढली आणि वाचायला सुरुवात केली. "अळीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडताच पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी..." मागे खांबाला टेकून एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, "सायेब, टक्के ऱ्हाऊ द्या कागदावर. माझ्या पाठीवरच्या पंपाला निंबोळ्या किती घ्यायच्या, तेवढं सांगा."

मला पटकन सांगता आले नाही. हिशेब काही अवघड नव्हता. शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळ्या, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला पाऊण किलो. निंबोळ्या कुटायच्या, रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या, सकाळी फडक्याने गाळून घ्यायच्या, एवढेच. पण मी घडीपत्रिका पाठ केली होती, पंपाचा विचार केला नव्हता. मी चाचरलो, इकडचे तिकडचे बोललो. लोक काही म्हणाले नाहीत, एकेक करून उठून गेले. उठून जाणे हे गावाचे उत्तर असते.

त्या रात्री मला वाटले, आपल्याला बोलता येत नाही. पुढे लक्षात आले की बोलता येत होते. माझ्याकडे ऐकणाऱ्याच्या उपयोगाचे सांगण्यासारखे काही तयार नव्हते, म्हणून पाय लटपटले.

खुर्ची ताईंची, बोलणे यजमानांचे

दुसरा प्रसंग २०२३ सालचा. माझ्या कामाच्या भागात हजार-अकराशे वस्तीचे एक कोरडवाहू गाव आहे. सरपंचपद महिलेसाठी राखीव होते आणि एक तिशीतल्या ताई थेट जनतेतून निवडून आल्या होत्या. घटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि पंचायतींत महिलांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. खुर्ची मिळाली, पण सभेतले बोलणे पुष्कळ गावांत अजून यजमानांकडेच आहे. इथेही तसेच होते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ताई मधल्या खुर्चीवर पदर सावरून बसल्या होत्या आणि उत्तरे त्यांचे यजमान देत होते. नळाच्या पाण्यावरून आरडाओरड झाली, कोणी तरी माईक ओढला आणि सभा तशीच मोडली.

त्या वर्षी ऑगस्ट महिना कोरडा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट नव्हता. गावच्या नळयोजनेची विहीर नाल्याकाठी आहे. सप्टेंबरअखेरीस तिच्यात दोर सोडून पाहिला, तर पाणी दिवाळीनंतर असते तिथे आताच गेलेले. त्याच नाल्याकाठी शेतकऱ्यांच्याही विहिरी, आणि पूर्वहंगामी उसाच्या लागणी तोंडावर आलेल्या. सऱ्या पाडून झाल्या होत्या, बेण्याचा सौदा झाला होता. त्यात दीड एकर खुद्द सरपंचताईंच्या घरचा होता. तो त्यांचे दीर करत होते.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा आठ दिवसांवर होती. पिण्याच्या विहिरीजवळ नवी लागण थांबवा, असे कोणी तरी उभे राहून म्हणायला हवे होते. ताई पंचायतीत आल्या आणि मला म्हणाल्या, "साहेब, मला बोलायला शिकवा. नाही तर हेही यांनाच बोलावं लागेल, आणि हे भावाला काय सांगणार?"

मी म्हटले, "ताई, बोलायला मलाही कोणी शिकवलं नाही. आपण आधी हिशेब करू."

तीन आकडे, एक मागणी

आम्ही एका वहीच्या पानावर हिशेब मांडला. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. हजार माणसांना रोज ५५ हजार लिटर झाले. ऑक्टोबरपासून जूनअखेरपर्यंत २७० दिवस धरले तर जवळजवळ दीड कोटी लिटर. हा पहिला आकडा.

दुसरा उसाचा. पाटाने पाणी दिले तर उसाला हंगामात दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. कमीत कमी, म्हणजे दोन हजार धरले, तरी एका एकराला सुमारे ८० लाख लिटर होते. दोन एकराला एक कोटी साठ लाख. म्हणजे दोन एकर ऊस आणि अख्ख्या गावाचे नऊ महिन्यांचे पिण्याचे व वापरायचे पाणी जवळजवळ सारखेच.

ताईंनी ते दोनदा तपासले. मग म्हणाल्या, "म्हणजे आमचा एकट्याचा दीड एकरच पाऊण गावाचं पाणी पितो."

तिसरा आकडा त्यांनी स्वतः काढला. नाल्याकाठच्या विहिरींवर यंदा नवी लागण किती होणार, ते घरोघर जाऊन विचारले. सात एकर निघाली.

मागणी एकच ठरवली: नाल्याकाठच्या विहिरींवर या हंगामात उसाची नवी लागण करायची नाही. उभा ऊस मोडा, बोअर बुजवा, असले काही म्हणायचे नाही. एका सभेत गावाकडून एकच गोष्ट मागावी. तीन मागितल्या तर लोक सोपी तेवढी देतात आणि अवघड विसरतात.

आकडा गावच्या मापात

"दीड कोटी लिटर" म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. टँकर येतो. दहा हजार लिटरचा टँकर आपण सगळ्यांनी पाहिला आहे, त्याच्यामागे हंडे घेऊन धावलो आहोत. म्हणून ताईंनी लिटर सोडून टँकर धरले. गावाला नऊ महिन्यांत लागतात दीड हजार टँकर. एक एकर उसाला लागतात आठशे.

पावसाचेही असेच सांगता येते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी पडते, म्हणजे एक टँकर. पाच मिलिमीटरची सर आली तर हेक्टरी पाच टँकर बांधावरून गेले किंवा जिरले. बांधबंदिस्तीवर अर्धा तास बोलण्यापेक्षा हे एक वाक्य शेतकऱ्याच्या जास्त लक्षात राहते, हा माझा अनुभव आहे.

आधी बायकांत बोलून पाहिले

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते, सह्या घरी फिरवल्या जातात. ताईंनी ती खरोखर घेतली. अंगणवाडीच्या ओसरीवर तीस-पस्तीस बाया बसल्या होत्या. तिथे त्या पहिल्यांदा स्वतः बोलल्या. मध्ये अडखळल्या, आकडा चुकला, एका म्हातारीने दुरुस्त केला, सगळ्या हसल्या. पण टँकरमागे धावणाऱ्या त्याच होत्या. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ग्रामसभेला त्या नुसत्या आल्या नाहीत, पुढे बसल्या. ज्यांना मोठ्या सभेची भीती वाटते, त्यांनी आधी छोट्या सभेत बोलावे. चूक व्हायची ती तिथे होऊन जाते.

सभेचा दिवस

गणसंख्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी असेल ती लागते. त्या दिवशी शंभराच्या वर माणूस होता. यजमान नेहमीप्रमाणे पुढे सरकले. ताई म्हणाल्या, "अहो, तुम्ही खाली बसा. अध्यक्ष मी आहे." हे त्या हळूच म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू गेले. सभेचे अध्यक्षपद सरपंचांचे असते, ते नसतील तर उपसरपंचांचे. यजमानांना तिथे बोलायचे असेल तर इतर ग्रामस्थांसारखे खालून बोलावे.

मग त्यांनी दिराकडे पाहून सुरुवात केली. "भाऊजी, पहिलं नाव आपलं घेते. आपला दीड एकर बेण्याचा सौदा झालाय. तो मी रद्द करायला सांगितलाय, विसार बुडाला तरी चालेल. आता बाकीच्यांना सांगायचा मला हक्क आला."

सभा गप्प झाली. त्यानंतर त्यांनी तीन आकडे सांगितले, एक मागणी सांगितली आणि थांबल्या. सगळे मिळून सात-आठ मिनिटे झाली असतील.

विरोध झालाच. एक जाणते बागाईतदार उठले. "ताई, तुमच्या दोन हजारात पावसाचं पाणी किती? ते विहिरीतून काढावं लागत नाही." प्रश्न बरोबर होता. अशा वेळी नवखा माणूस चिडतो किंवा आकडा रेटतो. ताई म्हणाल्या, "बरोबर बोललात, अण्णा. सरासरीचा साडेचारशे मिलिमीटर पाऊस वजा करा. मग दोन एकराऐवजी अडीच एकर म्हणा. सात एकर तरी तीन गावांचं पाणी पिणारच की." अण्णा खाली बसले. समोरच्याचे खरे असेल तेवढे आधी कबूल केले, तर उरलेले आपले त्याला ऐकावे लागते.

दुसऱ्याने मुद्दाम खोडा घातला. "वित्त आयोगाच्या पैशातून किती खर्च झाला ते आधी सांगा." ताईंकडे तो आकडा नव्हता. त्यांनी ग्रामसेवकांकडे पाहिले नाही, थापही मारली नाही. "आज माझ्यापाशी नाही. शुक्रवारी पंचायतीच्या फळ्यावर लिहिते." शुक्रवारी तो फळ्यावर होता, बंधित वेगळा आणि अबंधित वेगळा. मला वाटते, ताईंचा वचक त्या फळ्याने जितका बसला तितका भाषणाने बसला नाही.

ठराव हात वर करून मंजूर झाला. नाल्याकाठी ज्वारी आणि हरभरा घ्यायचे ठरले.

पुढे काय झाले

सगळे गोड झाले असे लिहिले तर वाचक हसतील. दोघांनी ठराव मोडून लागण केलीच. दीर चार महिने वहिनीशी बोलले नाहीत. आणि टँकर आला. पण शेजारच्या गावांत तो मार्चपासून होता, इथे मे महिन्यात आला आणि तेवीस दिवस लागला.

२०२४ च्या १५ ऑगस्टच्या सभेत ताई पुन्हा उभ्या राहिल्या. "टँकर लागू देणार नाही असं माझ्या मनात होतं. लागला. हिशेबात जनावरं धरायची राहिली, ती चूक माझी. यंदा धरलीत." एक वर्षापूर्वी ज्या सभेत माईक ओढला गेला होता, त्या सभेत त्या दिवशी कोणी मध्ये बोलले नाही. चूक कबूल केली की पत जाते असे आपल्याला वाटते. गावात उलट होते, कारण चूक गावाला आधीच माहीत असते.

जुनीच वाट

हे काही नवे नाही. नगर तालुक्यातले हिवरे बाजार सगळ्यांना ठाऊक आहे. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथे सरपंच झाले, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या गावात दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि पाणी कमी असेल तर पिके त्याप्रमाणे ठरवतात. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, असे कडू निर्णय तिथे टिकले. कडू गोष्ट दरवर्षी, सगळ्यांसमोर, आकड्यानिशी सांगितली जाते, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे, असे मी मानतो.

त्याही आधीचे गाडगेबाबा. १८७६ ते १९५६ हा त्यांचा काळ. दिवसा हातात खराटा घेऊन ते गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्न जास्त असत. ते विचारायचे आणि लोकांच्या तोंडून उत्तर काढायचे. लोक ऐकत, कारण सकाळी त्यांना झाडताना पाहिलेले असे. सरपंचताईंनी आधी स्वतःचा ऊस सोडला आणि मग बोलल्या, ती रीत हीच.

सभेआधी एवढे करा

सरपंच, सदस्य, सोसायटीचे संचालक, बचतगटाच्या अध्यक्षा, ज्यांना म्हणून लोकांपुढे उभे राहावे लागते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

१. एका पानावर तीन आकडे आणि एक मागणी लिहा. दुसरे पान घेऊ नका.

२. आकडे गावच्या मापात बसवा. लिटरचे टँकर करा, टक्क्यांचे पंप करा, लाखाचे दर घरामागे किती ते सांगा.

३. जे गावाला करायला सांगणार, ते आधी आपल्या घरात करा. जमत नसेल तर तो विषय दुसऱ्याने मांडावा.

४. आदल्या दिवशी पाच-दहा माणसांपुढे बोलून पाहा.

५. उभे राहिल्यावर लगेच बोलू नका. एकदा श्वास घ्या, ओळखीच्या एका चेहऱ्याकडे पाहा आणि त्याच्याशी बोलल्यासारखे बोला. आपल्याच बोलीत बोला. "सदर बाबतीत" वगैरे ऑफिसची भाषा सभेत आणू नका.

६. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा आणि वार सांगा. त्या वारी उत्तर द्या.

७. बोलणे संपले की खाली बसा. संपल्यानंतर बोललेले लोक ऐकत नाहीत.

ग्रामसेवक बंधू-भगिनींनाही एक विनंती. आता तुमच्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी जुनेच नाव आहे. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. त्याच दिवशी जमाखर्चाचे कागद सरपंचांच्या हातात द्या आणि अर्धा तास बसून समजावून सांगा. पुष्कळ सरपंच सभेत गप्प बसतात, कारण कागद त्यांना सभेतच पहिल्यांदा दिसतो. आणि आम्ही कृषी खात्याचे लोक घडीपत्रिका वाटायला येतो, तेव्हा आम्हालाही विचारा, "पंपाला किती?" उत्तर आले नाही तर आम्हाला परत पाठवा.

त्या वाडीवर मी पुन्हा गेलो होतो. बैठक नव्हती, सहज गेलो. त्या आजोबांना शोधून काढले आणि पाऊण किलो सांगितले. ते म्हणाले, "मला ठावं व्हतं. तुमाला ठावं हाय का, ते बघत व्हतो."